सिग्नलकाकांचा बाक

शहर जिथं संपतं आणि कुणाचंच नाही असं काहीतरी सुरू होतं, तिथं एक रान आहे. रान म्हटल्यावर वाघबीघ मनात आणू नका. इथलं सर्वांत हिंस्र जनावर म्हणजे समिती. पूर्वी तिथं वीटभट्टी होती. ती बंद पडल्यावर लोकांनी कचरा टाकला, आणि कचरा टाकायचाही कंटाळा आल्यावर आसपासच्या गल्ल्यांतल्या माणसांनी एकत्र येऊन झाडं लावली. झाडं माणसांपेक्षा समजूतदार निघाली, भांडत न बसता वाढली. आता ते सगळ्यांचं रान आहे, म्हणजे काम करायची वेळ आली की कुणाचंच नाही आणि फोटो काढायची वेळ आली की ज्याचं त्याचं.

दर रविवारी सकाळी तिथं माणसं जमतात. निम्मी काम करतात आणि उरलेली निम्मी काम कसं करावं ते सांगतात. या दुसऱ्या निम्म्यांचे बिनविरोध पुढारी म्हणजे सिग्नलकाका.

काका वाहतूक पोलीस होते. उभी हयात हे शब्द त्यांच्याइतके कुणाला शोभायचे नाहीत. एकाच चौकाच्या मधोमध, धुरात आणि उन्हात उभं राहून त्यांनी साऱ्या शहराला डावं-उजवं शिकवलं, आणि शहर काही शिकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार घातला आणि शिट्टी परत मागितली. हात मात्र काकांकडेच राहिले, आणि त्या हातांना स्वस्थ बसायची सवय नव्हती. काकू उकळतं पातेलं घेऊन ओट्याकडून निघाल्या, की काका दारात उभे राहून तळवा दाखवायचे, "थांब. आधी मांजर जाऊ दे." ते पातेलं काकांच्या डोक्यावर पालथं झालं नाही, हे त्यांचं नशीब. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, ते लोकांचं रान आहे ना, तिथं जात चला. झाडं जागची हलत नाहीत. तुमचं ऐकतील."

रानात तीन पायवाटा जिथं मिळतात तो तिठा काकांनी पाहिला, आणि हरवलेलं पोर सापडावं तसं त्यांना झालं. दुसऱ्याच दिवशी नवी शिट्टी विकत घेऊन ते तिथं उभे राहिले. त्या सकाळी तिठ्यावरून एक आजोबा गेले, मागून त्यांचा कुत्रा गेला, आणि थोड्या वेळानं दोघं परत आले. काकांनी सगळ्यांना रीतसर वळवलं. तेव्हापासून रानात वाहतूक नावाची गोष्ट सुरू झाली. कुदळी घेतलेले डावीकडून, घमेली घेतलेले उजवीकडून, बायकांनी गप्पा मारत वाट अडवायची नाही. लोकही ऐकायचे, कारण काकांशी वाद घालण्यापेक्षा वळसा घालणं सोपं होतं.

समितीच्या अध्यक्ष हेडबाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण शाळा सुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि रानातलं काम ज्यांना येतं आणि त्याचा पगार ज्यांना मिळतो अशा एकट्या मावशी. मावशी वयानं बहुतेकांपेक्षा लहान आहेत. पण हातात कोयता असलेल्या बाईला मावशी म्हणण्यातच शहाणपण असतं, त्यातून यांची जीभही कोयत्याच्याच दगडावर घासलेली.

या रानाची कामाची पद्धत समजून घ्या, कारण काकांनी ती समजून घेतली नव्हती. रानाचे तुकडे पाडलेत. थंडीत एका तुकड्यातली झाडं पार बुंध्याशी कापायची. बुंधा मरत नाही, उलट त्याला मूठ मूठ धुमारे फुटतात, सरळसोट. ते शेळ्यांपासून आणि सशांपासून जपले, की काही वर्षांत त्यांचे खांब होतात, काठ्या होतात, हत्यारांचे दांडे होतात. मग तो तुकडा पुन्हा कापायचा. हेडबाई हे दर रविवारी सांगतात. "मंडळी, रान कापल्यानं वाढतं!" हे त्यांचं पहिलं वाक्य. "पण फुटवे जपले तरच," हे दुसरं. पहिलं वाक्य संपेपर्यंत काका उशिरा येणाऱ्यांना वळवायला तिठ्यावर पोचलेले असायचे. अर्धवट ज्ञानावर माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत, काका तर बिचारे नुसते उभे होते.

आता बाकांचं सांगतो. रानात राबलेलं माणूस गेलं, की रानातल्याच लाकडाचा बाक करून तो त्या माणसाच्या आवडत्या जागी ठेवायचा आणि पाठीवर नाव कोरायचं, अशी इथली रीत आहे. डबक्याकाठी एका नर्सबाईंचा आहे. चढावर एका पोस्टमनचा आहे, त्याला जिथं दम लागायचा बरोबर तिथंच. पहिल्या दिवशी घरचे बसतात, त्यानंतर कुणीही बसावं. मध्यंतरी एका सिमेंटच्या व्यापाऱ्याला जिवंतपणीच स्वतःच्या नावाचा बाक हवासा झाला, तोही संगमरवरी. समितीत चुळबुळ झाली, कारण रानाचं फाटक त्याच्याच सिमेंटनं उभं होतं. तेव्हा सिग्नलकाका तळवा वर करून गरजले, "जिवंत माणसाच्या नावाचा बाक नाही! आणि ज्याचे हात इथल्या मातीत मळले, त्याचाच बाक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांना आयुष्यात शिव्या भरपूर मिळाल्या होत्या, हॉर्न तर विचारू नका, पण टाळ्या या पहिल्याच. हेडबाईंनी लगेच तसा ठरावच करून टाकला. टाळ्यांच्या त्या आवाजात आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे काकांच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं पायांमुळेच. पायांच्या शिरा फुगल्या, निळ्या पडल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "आता उभं राहणं बंद करा." तोवर त्यांना बस असं कुणी म्हटलंच नव्हतं. घरी पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या काकांना मरण दिसायला लागलं. मरणाचं एवढं नाही, पण मेल्यावर काय? त्यांच्या चौकात आता सिग्नलचा खांब उभा होता. एकदा रिक्षानं जाताना त्यांनी पाहिलं होतं, लोक निमूटपणे खांबाचं ऐकत होते. काकांचं जन्मभर न ऐकलेले लोक. तेव्हापासून काकांच्या मनानं एकच घेतलं. तिठ्यावर आपला बाक हवा, आणि त्यावर आईवडिलांनी ठेवलेलं नाव, संपूर्ण, ठसठशीत. सिग्नल नव्हे.

जरा बरं वाटताच ते हेडबाईंकडे गेले.

"बाई, समजा उद्या माझं काही बरंवाईट झालं..."

"छे छे, असं बोलू नये."

"नाही, पण समजा."

"समजलं."

"तर तिठ्यावर माझा बाक होईल ना?"

हेडबाईंनी चष्मा काढला. शाळेत त्या चष्मा काढायच्या, तेव्हा पोरं न सांगता हात पुढे करायची. "ठराव तुमचाच आहे काका. ज्याचे हात मळले त्याचा बाक. तुमच्या हातचं रानातलं काम कोणतं?"

"मी सगळ्यांना दिशा दिली!"

"बोटानं."

"बोट काय हाताचं नसतं?"

"असतं. पण मळलेलं नाही."

काका घरी आले ते तणतणतच. काकू चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात तुमची खुर्ची आहे. तिच्यावर पाहुणासुद्धा बसत नाही. आणखी किती ठिकाणी बसायचंय?"

"तुला नाही कळायचं ते. ज्यानं जन्मभर उभ्यानं नोकरी केली, त्यालाच बसण्याची किंमत कळते."

काकूंनी टोकाला टोक जुळवलं आणि घडीवरून हात फिरवला. काकू गप्प झाल्या की काकांना आपण जिंकलो असं वाटतं. इतक्या वर्षांच्या संसारात ते असे पुष्कळदा जिंकले होते.

मग काकांनी कोयता घेतला. हातमोजे घेतले नाहीत, कारण हात मळायला हवे होते. रविवारी चारचौघांत काम करायचं म्हणजे दहाजण दहा सूचना देणार, आणि सूचना ऐकून घ्यायची काकांना सवय नव्हती. म्हणून त्यांनी आडवार निवडला. मावशी करवतीला धार लावायला बाजारात गेल्या होत्या. रान मोकळं होतं. काका तिठ्यावर उभे राहिले आणि त्यांनी समोर पाहिलं. समोरचा तुकडा अगदी कुरूप दिसत होता. ठिकठिकाणी बुटके बुंधे, त्यांवर केस न विंचरलेल्या पोरासारखे गुडघाभर धुमारे, आणि त्यांच्यामुळे पलीकडचं डबकं अजिबात दिसत नव्हतं. हे झुडूप साफ केलं तर हात मळतील आणि बाकावरून पाणीही दिसेल, असं एका दगडात दोन पक्षी मारणारं काम काकांना सापडलं. शिवाय, रान कापल्यानं वाढतं. हेडबाईंचंच वाक्य.

काकांनी सपासप कोयता चालवला. सुरुवातीला दम लागला, मग घाम आला, मग तळव्याला फोड आले. आणि मग, खरं सांगायचं तर, काकांना आनंद झाला. आतापर्यंत त्यांनी जे काही केलं होतं ते करताक्षणी पुसलं जायचं. एक गाडी थांबवली की दुसरी यायची, आणि संध्याकाळी चौक सकाळी होता तसाच. इथं मागं वळून पाहिलं की केलेलं काम दिसत होतं, पार डबक्यापर्यंत. त्यांचे डोळेसुद्धा जरा पाणावले. सगळा तुकडा गुळगुळीत करून त्यांनी फोटो काढला आणि रानाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "स्वहस्ते."

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. "वा काका!" "या वयात!" जो गृहस्थ रानात कधी फिरकलाच नव्हता त्यानं "प्रेरणादायी" असं लिहिलं. खुद्द हेडबाईंनी जोडलेले दोन हात पाठवले. दुपार सरत आली तशा मावशी बाजारातून परत आल्या. त्यांनी एकच ओळ लिहिली, "हे कुणी केलं?" त्यानंतर एकेक अंगठा गुपचूप नाहीसा होऊ लागला. हेडबाईंचे जोडलेले हातही सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कमरेवर हात ठेवून तुकड्यात उभ्या होत्या.

"काका, काय केलंत हे?"

"साफ केलं."

"साफ तर झालंच. गेल्या थंडीत कापलेला तुकडा हा. आत्ता कुठं मूठ मूठ फुटून वर येत होता."

"अगं, पण हेडबाईच म्हणतात ना, रान कापल्यानं वाढतं म्हणून..."

"हेडबाई उद्या म्हणतील, छडी लागे छमछम. तर तुम्ही काय छडी घेऊन बाळंतिणीच्या खोलीत जाल?"

काकांचा चेहरा पडला. तरी पोलीसच तो, गुन्हा सहजासहजी कबूल कसा करणार? "कुंपण का नव्हतं इथं? कुंपण असतं तर मी आत पाऊलसुद्धा टाकलं नसतं."

"कुंपण घालायला रविवारी माणसं निघाली होती. त्यांना शिट्टी मारून पलीकडच्या वाटेला कुणी वळवलं?"

काकांनी गळ्यातली शिट्टी मुठीत लपवली. आता, "आत जाऊ नका" अशी एक पाटीही या तुकड्यावर लावायची होती, आणि ती कित्येक महिने मावशींच्या शेडमध्ये चहाचे कप ठेवायला वापरली जात होती. पण कोयता मावशींच्या हातात होता, म्हणून हा विषय कुणी काढला नाही.

"पुन्हा फुटतील ना गं?" काकांनी हळूच विचारलं.

"बुंध्यालाच विचारा. एकदा कापला तर रागानं फुटतो. लगोलग दुसऱ्यांदा कापला तर काही फुटतात, काही बसतात मरून."

समितीची बैठक हत्यारं ठेवतात त्या पत्र्याच्या छपराखाली झाली. ज्यांनी अंगठे पाठवले होते तेच सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. काकांना रानात येऊच देऊ नये असं म्हणणारा "प्रेरणादायी" गृहस्थ त्यासाठी मुद्दाम पहिल्यांदा आला होता. वाटेत तो चुकला आणि तिठ्यावर काका नसल्यामुळे त्याला कुणी वळवलंही नाही. शेवटी हेडबाईंनी चष्मा काढला आणि निकाल दिला. काकांनी स्वतःच्या हातानं तुकड्याला कुंपण घालायचं आणि राखण करायची. बुंधे फुटून धुमारे कमरेपर्यंत आले, तर तिठ्यावरचा बाक त्यांचा. नाही आले, तर बाकाचं नाव काढायचं नाही.

काका मान खाली घालून उठले. सगळं रान हातचं गेलं असतं तरी चाललं असतं, पण बाक जाणार या विचारानं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग कुंपण सुरू झालं. मावशींनी एकदा दाखवलं, खुंट ठोकायचे आणि त्यांच्यामधून फांद्या विणत न्यायच्या. काकांनी विणलेलं पहिलं कुंपण मावशींनी एका बोटानं पाडलं. दुसरं शेळीनं पाडलं. या शेळ्या कुणाच्या आहेत ते आजवर कुणाला कळलेलं नाही, प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. काका शेळीसमोर उभे राहिले आणि त्यांनी चौकातला तो ठेवणीतला तळवा दाखवला, ज्यापुढे ट्रक थांबायचे. शेळी पुढं आली आणि तिनं तळवा चाटला. त्या दिवशी काकांनी शिट्टी खिशात टाकली. तिसरं कुंपण टिकलं.

दिवसामागून दिवस काका तुकड्याच्या कडेला राखण करत राहिले. हात आता खरोखरच मळले होते. नखांत माती, तळव्यांना घट्टे, मनगटावर काट्यांचे ओरखडे. आणि समोर तिठा होता. त्यावरून माणसं जात होती, येत होती, कुदळी डावीकडून आणि घमेलीही डावीकडूनच. कुणी कुणाला धडकत नव्हतं. कुणाचं काही अडत नव्हतं. हे काकांना फार लागलं. चौकात निदान खांब तरी उभा केला होता, इथं त्यांच्या जागी काहीच नव्हतं आणि तरी सगळं ठीक चाललं होतं.

एका सकाळी काकू आल्या. रानात पहिल्यांदाच. थर्मासमध्ये चहा होता. त्यांनी कप भरून दिला आणि त्या उभ्याच राहिल्या.

"बस की जरा," काका म्हणाले.

"कुठं?"

काकांनी जमीन दाखवली.

"खाली बसले तर उठवायला चार माणसं लागतील. गुडघे राहिलेत का माझे?"

"गुडघ्यांना काय झालं तुझ्या?"

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या शेळीनंही कान टवकारले असते. "काय झालं म्हणजे? तुम्ही चौकात उभे होतात तेव्हा मी काय दुकानात झोपले होते?"

काकू कापडाच्या दुकानात नोकरीला होत्या. हे आत्तापर्यंत सांगायचं राहिलं, कारण काकांनी स्वतःची कहाणी सांगितली की त्यात ते कधी येतच नाही. काकांना नोकरी लागण्याच्या आधीपासून त्या दुकानात होत्या आणि काका निवृत्त झाल्यावरही काही वर्षं होत्या. गिऱ्हाइकांना बसायला मऊ गादी होती. विकणाऱ्या बायकांना स्टूलसुद्धा नव्हतं, बसलेली बाई मालकाला आळशी वाटायची. ताग्यामागून तागा खाली काढायचा, उलगडायचा, "रंग आवडला नाही" ऐकायचं, पुन्हा घडी घालून वर ठेवायचा. संध्याकाळी काका घरी येऊन "पाय गेले गं माझे" म्हणत गरम पाण्यात पाय सोडून बसायचे. ते पाणी काकू तापवायच्या. उभ्यानं.

काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. "तू कधी बोलली नाहीस."

"तुमचा हात वर असायचा ना," काकू म्हणाल्या, आणि झाकण घट्ट लावून घरी निघून गेल्या.

त्यानंतर काकांनी हेडबाईंना बाकाबद्दल विचारणं सोडून दिलं. पूर्वी ते रोज बुंध्यांशी वाकून बघायचे ते स्वतःच्या नावासाठी. आताही बघायचे, पण डोक्यात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं. आणि बुंधे फुटले. सगळे नाही. काही कायमचे गेले, काळे पडले, आणि त्यांच्याजवळून जाताना काका मान वळवायचे. पण पुष्कळ फुटले, आधी मोहरीएवढे लाल ठिपके, मग बोटभर, मग हातभर. धुमारे कमरेला लागले तेव्हा मावशी तुकडाभर फिरल्या आणि म्हणाल्या, "चला, शेळ्यांपेक्षा तुम्ही बरे." मावशींकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक आजवर कुणाला मिळालेलं नाही.

पुन्हा पत्र्याखाली बैठक भरली. हेडबाई उभ्या राहिल्या. "काकांचा बाक समिती एकमतानं मंजूर करत आहे. तिठ्यावर. संपूर्ण नावासह. यथावकाश."

"यथावकाश म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर," सुतार म्हणाला. रानातले सगळे बाक त्यानंच केलेले. "आम्हाला घाई नाही हो." असं म्हणता म्हणता त्यानं काकांवरून वरपासून खालपर्यंत एक नजर फिरवून घेतली. सुताराची नजर, ती मापाशिवाय कुठं जाणार?

काकांनी हात वर केला. थांबवायला नव्हे, बोलायची परवानगी मागायला. हे इतकं नवीन होतं, की सगळे वळून बघायला लागले.

"मला बाक आत्ता हवाय."

एकच गलका झाला. जिवंत माणसाच्या नावाचा बाक नाही, ठराव कुणाचा होता? सिमेंटवाला ऐकेल तर काय म्हणेल? हेडबाईंनी टेबल वाजवलं.

"नाव नको," काका म्हणाले. "नुसता बाक. बिननावाचा."

हेडबाईंनी विचार केला. बिननावाच्या बाकाला ठराव आडवा येत नव्हता. पण फुकट काही मिळू द्यायचं नाही, ही शाळेपासूनची शिस्त होती. "चालेल. पण एका माणसाला एकच बाक, काका. आत्ता घेतलात तर नंतर तुमच्या नावाचा होणार नाही. कधीच नाही. नीट विचार करा."

काकांनी विचार केला. ते नाव त्यांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा कोरलं होतं, अक्षरं केवढी, कुठून कुठवर, सगळं ठरलं होतं. सिग्नल म्हणून मरायचं की नाही, एवढाच खरा प्रश्न होता.

"मेल्यावर मी आडवाच असणार, बाई," ते म्हणाले. "तेव्हा बाक काय करायचाय? आत्ता द्या."

सगळे खो खो हसले. बाक कुणासाठी ते काकांनी सांगितलं नाही. भर रस्त्यात ओरडायची ज्याला कधी लाज वाटली नाही, त्याला हे सांगायची लाज वाटली. लोकांचा समज झाला की म्हाताऱ्याला बसायची घाई झाली आहे. हेडबाईंनी मात्र त्यात त्याग शोधून काढला आणि त्यावर भाषण केलं, आणि पुढचे कित्येक रविवार "रान कापल्यानं वाढतं"च्या आधी लोकांना काकांचा त्याग ऐकावा लागला.

सुतारानं बाक केला. चार भक्कम पाय, जाड फळी, टेकायला पाठ, आणि पाठीवर काही नाही. रविवारी सकाळी तो तिठ्यावर ठेवला. काकूंना काकांनी "सहज चल" म्हणून आणलं होतं. पहिल्यांदा घरच्यांनी बसायचं अशी रीत, पण यावेळी माणूस जिवंत असल्यामुळे घरचे कोण आणि बाहेरचे कोण यावर हेडबाई आणि सुतार यांच्यात मतभेद सुरू झाले. ते रंगात आले असताना काकू सरळ पुढे गेल्या आणि बसल्या. पाठ टेकली. मोठा श्वास सोडला.

काका शेजारी बसले आणि त्यांनी खाली पाहिलं. त्यांचे स्वतःचे पाय जमिनीवर सपाट टेकले होते. काकूंचे लोंबकळत होते. बाक सुतारानं काकांच्या मापाचा केला होता.

टाचा फळीखाली आत ओढून, पदर सारखा करून काकू बसून राहिल्या, जसं काही बाक असतातच असे. ते पाहून काकांना स्वतःचा असा काही संताप आला, की ते ताडकन उठले आणि मावशींसमोर जाऊन उभे राहिले.

"करवत दे."

"तुमच्या हातात मी कापायचं काहीही देणार नाही," मावशी म्हणाल्या. मग त्यांची नजर काकूंच्या पायांकडे गेली. त्यांनी करवत दिली.

"अहो, मजबूत झालाय, त्याला कशाला हात लावता!" सुतार ओरडत आला. "तुमचे गुडघे हनुवटीला लागतील!"

"लागू देत."

काकांनी काकूंना हाताला धरून उठवलं, बाक आडवा पाडला आणि चारही पाय एकेक करून कापले. मळलेल्या हातांना ते काम बऱ्यापैकी जमलं. बाक उभा केला. काकू पुन्हा बसल्या. पायांची टोकं टेकली, पण टाचा अजून हवेत होत्या. एरवी त्या चालेल म्हणाल्या असत्या. काका करवत घेऊन समोर उकिडवे बसले होते आणि वाट पाहत होते.

"अजून थोडं," काकू म्हणाल्या.

काकांनी अजून थोडं कापलं.